विहारामागचा ढीग कोणाचा? वस्तीतला कचरा, कायदा आणि आपण

दर रविवारी सकाळी वंदना सुरू होण्याआधी आमच्या विहाराच्या मागच्या दोन खिडक्या बंद कराव्या लागतात. मागे नाला आहे, नाल्याच्या वळणावर कचऱ्याचा ढीग आहे आणि वारा नेमका तिकडून येतो. पावसाळ्यात हा ढीग नाल्यात घसरतो, नाला तुंबतो आणि काठावरच्या घरांत पाणी शिरते. त्या घरांतल्या बायका आता जून लागला की धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, ते थेट गणपती-दसऱ्याच्या सुमारास खाली उतरतात.

तक्रार केली की जेसीबी येतो, ढीग उचलतो, फोटो काढला जातो. चार दिवसांत ढीग पुन्हा उभा. कार्यालयात विचारायला गेले की उत्तर ठरलेले असते: "तुमचीच माणसं टाकतात हो, आम्ही तरी किती वेळा उचलायचं?" यापेक्षा जास्त खटकते ते हे की आपल्याच वस्तीतली शिकलेली मुलेही आता तेच म्हणू लागली आहेत. एका तरुणाने वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ढिगाचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'बाबासाहेबांनी सगळं दिलं, पण आपल्या लोकांना अक्कल आली नाही.' त्याला वीस-पंचवीस अंगठे मिळाले.

हा लेख त्या अंगठ्यांमुळे लिहीत आहोत. तो तरुण आमचा चांगला कार्यकर्ता आहे आणि त्याचे म्हणणे पूर्ण खोटेही नाही. पण त्यात जेवढे खरे आहे त्याहून बरेच जास्त दडले आहे. कचरा कोण टाकतो याआधी तो तिथेच का येऊन पडतो, हे कळले नाही तर आपण जन्मभर आपल्याच आयाबहिणींना बोल लावत बसू.

ढीग तयार कसा होतो

आम्ही पाच-सहा जणांनी आठवडाभर पाळ्या लावून त्या वळणावर नजर ठेवली. कुणाला पकडायचे नाही, भांडायचे नाही, फक्त बघायचे असे ठरवले होते. जे दिसले ते थोडक्यात सांगतो.

सकाळी सहा ते सात या वेळेत वस्तीतली माणसे येतात. बहुतेक बायका. हातात एक कॅरीबॅग, त्यात शिळे अन्न, भाजीची देठे, लेकराचे डायपर, सगळे एकत्र. पिशवी टाकतात आणि तशाच कामावर जातात. कारण घंटागाडी येते साडेनऊ-दहाला, तीही मुख्य रस्त्यावर. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत येऊ शकत नाही. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी, कंपनीत पहिल्या पाळीला जाणारी बाई साडेनऊला घरी कशी असेल? तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत ओला कचरा दिवसभर ठेवायचा तर उंदीर आणि माश्या. पूर्वी रस्त्याच्या तोंडाशी कचराकुंडी होती. 'कुंडीमुक्त शहर' करायचे म्हणून ती उचलली गेली. कुंडी गेली, तिच्या जागी घरोघरी सेवा यायला हवी होती, ती वस्तीत आली नाही. मग कुंडीची जागा नाल्याच्या वळणाने घेतली.

दुपारी फारसे कुणी येत नाही. रात्री दहानंतर दृश्य बदलते. चिकन सेंटरमधून पिसांची आणि आतड्यांची पोती येतात. नाश्त्याच्या गाड्यांवरचे उष्टे आणि पत्रावळी येतात. यातले कुणीही वस्तीत राहत नाही. आणि रात्री एक-दोनच्या सुमारास टेंपो येतो. फ्लॅटचे नूतनीकरण करताना फोडलेल्या फरशा, विटा, प्लॅस्टर, जुने कमोड, म्हणजे ज्याला आपण राडारोडा म्हणतो तो. मागची फळी उघडायची, पाच मिनिटांत खाली करायचे, दिवे न लावता निघून जायचे.

आम्हाला जे आधी कळले नव्हते ते इथे कळले. वजनाने पाहिले तर ढिगाचा मोठा भाग राडारोड्याचा. तो कुजत नाही, जेसीबीला पूर्ण निघत नाही, नाल्याचे पात्र अरुंद करतो आणि मुख्य म्हणजे त्या जागेला 'टाकायची जागा' बनवतो. स्वच्छ जमिनीवर पहिली पिशवी टाकायला माणूस कचरतो. पडीक, विटा पसरलेल्या जागेवर टाकायला कुणी कचरत नाही. राडारोडा पाया घालतो, चिकनवाला आणि हॉटेलवाला मजला चढवतात आणि वास येऊ लागला की वरच्या वरच्या कॅरीबॅगा बघून दोष वस्तीला लागतो.

आणि टेंपो इथेच का येतो? दोन किलोमीटरवर मोठी सोसायटी आहे, तिच्या बाजूलाही मोकळा भूखंड आहे. तिथे वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, फोन केला की अधिकारी येतात. इथे काहीच नाही. कचरा पाण्यासारखा असतो, जिथे अडवणारा नाही तिकडे वाहतो.

हे आपल्याच वस्तीत घडते आहे असे नाही

मुंबईचे देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणूसपणाचा हक्क सांगितला गेला, त्याच वर्षी महानगराचा कचरा कुठे जाणार याचाही निर्णय होत होता. त्या डोंगराभोवती पुढे शहरातून हुसकावलेल्या गरिबांची पुनर्वसने झाली, दलित आणि मुस्लिम वस्त्या वाढल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मानवी विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागात देवनार येते त्याचा निर्देशांक ०.०५ होता, शहरात सगळ्यात खालचा. जानेवारी २०१६ मध्ये डोंगराला आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, भोवतालच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या काही दिवसांत मुंबईच्या इतर भागांतल्या लोकांनाही खोकला आला, म्हणून ती राष्ट्रीय बातमी झाली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी ती नवी गोष्ट नव्हती.

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नारेगावच्या कचरा डेपोभोवतीच्या गावांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या. शहर रोज शेकडो टन कचरा तयार करत होते आणि त्यावर प्रक्रिया जवळपास नव्हतीच. उचलायचे आणि नारेगावला नेऊन टाकायचे, एवढीच व्यवस्था. गावकऱ्यांनी दार बंद केले आणि शहराला कळले की आपल्याकडे दुसरे दार नाही. महिनोन्‌महिने रस्त्यांवर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या वळवल्या तेव्हा दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी लोकांना मारले, आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. नारेगावात पुन्हा कचरा टाकायला उच्च न्यायालयाने मनाई केली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथल्या प्रक्रिया केंद्रांना गती मिळाली ती त्यानंतर.

नारेगावच्या लोकांना 'शहराला वेठीस धरणारे' म्हटले गेले. आम्हाला वाटते, ते लोक बरोबर होते. पण त्यांच्या लढ्यातला एक धडा अवघड आहे. प्रत्येक गाव 'आमच्याकडे नको' म्हणाले, तेव्हा कचरा शेवटी ज्यांचा आवाज सगळ्यात लहान त्यांच्या दारात गेला. शहरातल्या छोट्या वस्त्यांच्या मोकळ्या जागा, नाले, स्मशानभूमीच्या भिंतीलगतच्या पट्ट्या. 'नको' म्हणण्याचा अधिकार सगळ्यांना सारखा मिळाला नाही, तर तो वरच्याकडून खालच्याकडे कचरा ढकलण्याचे साधन होतो.

कचऱ्याच्या खटल्यात झोपडपट्टी कशी आली

कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. भारतात घनकचऱ्याचे नियम आले ते अलमित्रा पटेल यांच्या याचिकेमुळे. १९९६ मध्ये दाखल झालेल्या त्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना २००० साली देशात पहिले घनकचरा नियम लागू झाले. त्या याचिकेचे ऋण मान्य करायलाच हवे. पण त्याच खटल्यात, फेब्रुवारी २००० च्या दिल्लीविषयीच्या आदेशात, न्यायालय कचऱ्यावरून झोपडपट्ट्यांकडे वळले. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा फुकट देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा आशयाचे मत त्या आदेशात आले. विषय होता शहराचा कचरा का उचलला जात नाही हा. निष्कर्षात कचरा करणारी माणसेच कचऱ्यासारखी दिसू लागली.

म्हणून व्हॉट्सअॅपवरच्या त्या अंगठ्यांची आम्हाला भीती वाटते. 'घाणेरडी वस्ती' हे शब्द सुरुवातीला आपलीच मुले रागाने वापरतात. मग वर्तमानपत्रात येतात. मग नाला रुंदीकरणाच्या प्रस्तावात येतात. आणि एक दिवस काठावरच्या घरांवर नोटीस चिकटते, तेव्हा टेंपो कुणाचा होता हे विचारायला कुणी उरत नाही.

कायदा काय सांगतो

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत नोंदवली: वर्गीकरण केलेला कचरा घरोघरी जाऊन गोळा करण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे आणि त्यात झोपडपट्ट्या व अनौपचारिक वस्त्या धरलेल्या आहेत. वस्ती अधिकृत आहे का, घरपट्टी भरता का, असले प्रश्न तिथे नाहीत. 'तुमची वस्ती अघोषित आहे' हे कारण आम्हाला दोनदा ऐकवले गेले. दुसऱ्यांदा आम्ही नियमाची छापील प्रत पुढे ठेवली. साहेबांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "बघतो." हेही पहिल्यापेक्षा बरे उत्तर होते.

गाडी गल्लीत जात नाही ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर सोपे आहे. ढकलगाडी किंवा तीनचाकी सायकल घेऊन कामगार आत येईल आणि मुख्य रस्त्यावर मोठ्या गाडीत रिकामी करेल. त्यासाठी मार्गावर माणसे वाढवावी लागतात. कंत्राटदार ती वाढवत नाही, कारण अनेक शहरांत त्याला पैसे मिळतात ते टनावर. किती घरांतून कचरा घेतला यावर नाही, काट्यावर किती वजन झाले यावर. मग वीस गल्ल्या फिरून एकेक पिशवी गोळा करण्यापेक्षा एका ठिकाणी साचलेला ढीग जेसीबीने भरणे त्याला कधीही परवडते. त्यात राडारोडा असेल तर वजन आणखी वाढते. ढीग राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे समजून घ्यायचे तर भाषणे ऐकण्यापेक्षा कंत्राट वाचावे.

ते वाचता येते. माहितीच्या अधिकारात नमुना अ भरून, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, आपल्या प्रभागाच्या कचरा वाहतूक कंत्राटाची प्रत मागा. घंटागाडीचा ठरलेला मार्ग आणि वेळ मागा. त्या मार्गावर किती कामगार नेमलेले दाखवले आहेत ते मागा. मागच्या तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या मागा. दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकाने अर्ज केला तर शुल्कही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. आमच्या अर्जाला आलेल्या उत्तरात आमच्या गल्लीचे नाव रोजच्या मार्गावर होते. सकाळी सात वाजता, दोन कामगारांसह. ते दोन कामगार आम्ही कधीच पाहिले नव्हते. तो कागद घेऊन आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो आणि तेव्हा पहिल्यांदा आम्हाला बसायला खुर्ची दिली गेली.

राडारोड्यासाठी वेगळे नियम आले, तेही २०१६ मध्येच. तो रस्त्यावर, नाल्यात, मोकळ्या जागेत टाकता येत नाही. २०१६ च्या त्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याने आधी व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा होता. पण आपल्याकडे येणारा टेंपो बिल्डरचा क्वचितच असतो. तो असतो एखाद्या फ्लॅटमधल्या बाथरूमच्या दुरुस्तीचा. फ्लॅटमालक ठेकेदाराला सांगतो 'माल उचलून न्या', पैसे देतो, आणि कुठे नेला हे विचारत नाही. त्या न विचारण्याची किंमत आपल्या धान्याच्या डब्यांना मोजावी लागते. अशा छोट्या राडारोड्यासाठी जवळपास गोळा करण्याचे केंद्र असणे ही पालिकेची जबाबदारी आहे. तुमच्या शहरात ते कुठे आहे, हा प्रश्नही अर्जात घाला. उत्तर वाचून करमणूक होईल.

झाडूच्या पलीकडचा माणूस

राग सगळ्यात आधी ज्याच्यावर निघतो तो मात्र चुकीचा माणूस असतो. घंटागाडीवरचा पोरगा, झाडू मारणारी मावशी, फार तर मुकादम. आमच्या वस्तीतल्या तरुणांनी एकदा गाडी अडवली आणि कामगाराला चांगलेच सुनावले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "दादा, मी पण भीमनगरचाच आहे. माझ्या दारात पण ढीग आहे." पोरे गप्प झाली.

आपल्यापैकी किती घरांत एक तरी माणूस पालिकेच्या सफाई खात्यात होता किंवा आहे, हे आठवून बघावे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या अनेक आज्या-मावश्यांनी कचरा वेचून घर चालवले. गावात मेलेली जनावरे ओढण्याचे काम बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण सोडले, उपासमार सोसून सोडले. शहरात आलो तर शहराची घाण काढायचे काम पुन्हा आपल्याच वाट्याला ठेवलेले होते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच कामगारांसाठी. झाडू हातात असणे लाजेचे नाही, पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जन्मावरून ठरणे मान्य नाही, आणि ज्याच्या हातात तो आहे त्याला पगार, रजा, हातमोजे आणि मान मिळाला पाहिजे, हे त्यांच्या कामातून दिसते.

आज ती जागा कंत्राटाने घेतली आहे. मुंबईत झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी आधी दत्तक वस्ती योजना, मग स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान आले. इमारतींच्या रस्त्यांवर पालिकेचे कामगार आणि झोपडपट्टीत स्थानिक संस्थांचे 'स्वयंसेवक', ज्यांना पगार नाही तर मानधन मिळते. एकाच शहरात एकाच कचऱ्यासाठी दोन दर्जे. दुसरीकडे कचरा वाहतूक श्रमिक संघाने वीस वर्षांच्या आसपास रस्त्यावर आणि न्यायालयात लढून २०१७ मध्ये २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकवून घेतला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचक स्त्रियांना संघटित केले, महापालिकेची ओळखपत्रे मिळवली आणि पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. यात आपल्या आणि मातंग समाजाच्या बाया मोठ्या संख्येने आहेत. त्या पुढारी आहेत, सभा घेतात, आयुक्तांशी बोलतात. जयंतीच्या व्यासपीठावर त्यांच्यापैकी कुणाला बोलावल्याचे आम्ही फार कमी वेळा पाहिले.

'स्वच्छ'च्या कामातली एक साधी गोष्ट आम्ही उचलली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळे द्यायचे, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईचा हात त्यात जात नाही. आमच्या वस्तीत पॅड रात्री नाल्यात फेकले जात, कारण दिवसा हातात पिशवी घेऊन जायची लाज. आम्ही महिला मंडळात हा विषय काढला तेव्हा आधी हसू, मग शांतता, आणि मग एक आजी म्हणाल्या, "माझी सून सफाईला जाते. तिच्या हाताला काय काय लागतं ते मला विचारा." त्यानंतर फार समजावावे लागले नाही. फुटक्या काचा आणि सुयाही आता वेगळ्या कागदात येतात, सगळ्यांच्या नाही पण पुष्कळांच्या येतात.

बुद्धांचा फोटो लावायचा का?

तरुणांनी सुचवलेला एक उपाय आम्ही नाकारला, तो का हे सांगणे गरजेचे आहे. इतर ठिकाणी भिंतीवर देवांच्या फरशा लावतात, मग लोक तिथे थुंकत नाहीत. तसे आपण ढिगाच्या जागी तथागतांचा किंवा बाबासाहेबांचा फोटो आणि निळा झेंडा लावू, म्हणजे कुणी टाकणार नाही, असे काहींचे म्हणणे होते. हेतू चांगला होता. पण रात्री दोन वाजता दिवे बंद करून येणारा टेंपोवाला फोटो बघून थांबेल याची खात्री नाही. आणि एका सकाळी त्या फोटोवर आतड्यांचे पोते पडलेले दिसले तर काय होईल? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात दहा माणसे गेली. आपण आपल्या श्रद्धास्थानाला वॉचमनच्या नोकरीला लावू नये. आम्ही तिथे महिलांच्या आग्रहाने एक दिवा लावून घेतला. खांबावरचा दिवा, पालिकेचा. त्याने टेंपोची फेरी बरीच कमी झाली.

धम्मात या विषयावर शोधायला गेले तर खूप सापडते. भिक्खुणींच्या पाचित्तिय नियमांत एक नियम आहे: मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टे भिंतीपलीकडे टाकू नये. नियमामागची कथा अशी की एका भिक्खुणीने भिंतीवरून टाकलेली घाण रस्त्याने चाललेल्या एका ब्राह्मणाच्या डोक्यावर पडली. कथा ऐकून पोरे हसतात. पण नियमाचा रोख बघा: माझी भिंत संपली तिथे माझी जबाबदारी संपत नाही. थेरगाथेतला सुनीत थेर हा कोमेजलेली फुले झाडून टाकणारा माणूस होता, लोक त्याच्यापासून अंग चोरायचे. त्याला बुद्धांनी संघात घेतले. आणि उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून शिवलेले पंसुकूल चीवर तर भिक्खूंचे मानाचे वस्त्र. विहारात वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा हे भाग वाचले जावेत, असे आम्ही सुचवले आहे. एका ज्येष्ठ उपासकांना ते फारसे रुचले नाही. त्यांना वंदनेच्या जागी कचऱ्याचा विषय नको होता. पण खिडक्या बंद करायला तेच उठतात.

आता आपल्या बाजूचे. १४ एप्रिलला आमच्या चौकात अन्नदान असते, पाण्याचे पाऊच वाटले जातात. १५ तारखेच्या सकाळी तो चौक ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय येतो आणि दरवर्षी कुणीतरी शिवाजी पार्कच्या कचऱ्याबद्दल बोलतेच. त्या बोलण्यात जात असते हे आम्हाला ठाऊक आहे. इतर उत्सवांनंतर समुद्रकिनाऱ्यावर काय उरते याबद्दल त्याच तोंडांतून शब्द निघत नाही. पण दुसऱ्या सकाळी ते पाऊच वेचायला वाकतो तो माणूसही आपलाच असतो, हेही ठाऊक आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी घ्यायचा तर आयोजकांनी पालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचे होते आणि कचरा वेगळा करून द्यायचा होता. गेल्या जयंतीला आम्ही पत्र दिले. पाऊच बंद केले, माठ आणि स्टीलचे पेले ठेवले, पेले धुवायला मंडळाच्या पोरांची पाळी लावली. पोरींची नाही, हे मुद्दाम ठरवले. पेल्यांची संख्या कमी पडली, दुपारी गोंधळ झाला, दोन जण रुसून गेले. पण १५ च्या सकाळी झाडायला आलेल्या मावशी नेहमीपेक्षा तासभर आधी मोकळ्या झाल्या आणि त्यांनी मंडळाच्या मंडपात बसून चहा घेतला.

आज काय स्थिती आहे

ढकलगाडी आता सकाळी साडेसहाला गल्लीत येते. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी येतेच. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी वळणावर पिशव्या दिसतात, म्हणजे सवयीपेक्षा वेळेचा संबंध जास्त आहे हे आम्हाला दर आठवड्याला नव्याने कळते. वहीत रोज नोंद ठेवायचे काम दोन दहावीतल्या मुली करतात: गाडी आली का, किती वाजता, किती कामगार. ती वही घेऊन आम्ही महिन्यातून एकदा प्रभाग कार्यालयात जातो. ज्या तरुणाने तो फोटो टाकला होता तोच आता माहिती अधिकाराचे अर्ज लिहितो, आणि आमच्यापेक्षा बरे लिहितो.

चिकन सेंटरवाल्यांपैकी दोघांशी बोलणे झाले, त्यांनी पोती देण्यासाठी वेगळी गाडी लावून घेतली. तिसरा अजून टाकतो. कामगारांचे हातमोजे आणि गमबूट नियमात आहेत, कंत्राटातही लिहिलेले आहेत, मिळालेले नाहीत. त्याचा अर्ज कामगारांच्या नावाने न करता वस्तीच्या नावाने केला आहे, म्हणजे कुणाची नोकरी जाणार नाही.

राडारोड्याचे अपील प्रलंबित आहे. दिवा लागल्यापासून टेंपो आमच्या वळणावर थांबत नाही. तो आता पूल ओलांडून नाल्याच्या पलीकडच्या काठावर, दुसऱ्या वस्तीच्या मागे रिकामा होतो. तिथे आपला समाज नाही. त्या वस्तीतल्या मुलांना आम्ही येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बोलावले आहे. आमची वही आणि कंत्राटाची प्रत त्यांना दाखवायची आहे, आणि पुढचा अर्ज दोन्ही वस्त्यांच्या सह्यांनी करायचा आहे.